हुएटला जाण्याआधीच्या पाच सकाळी: गंगापूर रोडकडच्या तलावावरची ‘चॉपरवाल्यांची बॅच’

मी पंचवटीतला. पोहायला मला कुणी शिकवलं नाही. रामकुंड ते गांधी तलाव या पट्ट्यात मोठ्या पोरांच्या मागून उड्या मारत शिकलो. गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की गळ्याला, हे बघायला सगळं गाव पुलावर जमायचं आणि आम्ही पोरं घरच्यांची नजर चुकवून अजून खाली उतरायचो. पाण्याची भीती मला कधी ठाऊकच नव्हती. आणि तरी गेल्या वर्षी हुएटच्या, म्हणजे बुडत्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायच्या प्रशिक्षणाच्या, टाकीत, तिसऱ्या फेरीत, डायव्हरने मला बगलेत धरून वर काढलं आणि माझ्या नावापुढे ‘पुन्हा परीक्षा’ असा शेरा बसला.

गंगापूर रोडकडच्या या पोहण्याच्या तलावाबद्दल इथे अभिप्रायांत बाकी लोकांनी लिहिलंय ते लॉकर, क्लोरीन आणि पार्किंगविषयी. सकाळी सहाला, नेहमीच्या बॅचेस सुरू व्हायच्या आधी, कोपऱ्यातल्या खोल भागाशी जी सहा जणांची बॅच चालते तिच्याविषयी कुणीच लिहिलेलं नाही. बाहेर तिची पाटीही नाही. समुद्रात कामाला जाणाऱ्या नाशिकच्या पोरांना ती माहीत असायला हवी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांना हे क्षेत्र माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. मी फॅब्रिकेटर-वेल्डर. सातपूरच्या आयटीआयतून निघालो, अंबडला बारा वर्षं काढली, मग ठेकेदारामार्फत मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर लागलो. चौदा दिवस ऑन, चौदा दिवस ऑफ. मुंबई हाय किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत आहे, आणि आम्हाला तिथे नेतं-आणतं ते जुहूहून उडणारं चॉपर. त्यात बसण्याआधी पाण्यात बुडालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्यालाच सगळे हुएट म्हणतात. टाकीवर क्रेनला टांगलेली एक केबिन असते. आत सीट, पट्टे, खिडक्या. तुम्हाला आत बांधून ती पाण्यात सोडतात, आणि नंतरच्या फेऱ्यांत पाण्याखाली उलटी करतात.

उलटी का, हा प्रश्न मलाही पडला होता. कारण सरळ आहे: हेलिकॉप्टरचं इंजिन आणि गिअरबॉक्स डोक्यावर असतात. वजन वर, हवा खाली. पाण्यावर उतरल्यावर फ्लोट, म्हणजे तरंगवणारे फुगे, फुगले तर ते तरंगतं, पण लाट आडवी आली किंवा एका बाजूचे फ्लोट दगावले की ते कलंडतं, आणि कलंडलं की पालथंच होतं. २८ जून २०२२ ला मुंबई हायमध्ये सागर किरण रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं, आत नऊ जण होते. पाच वाचले, चार गेले. तेव्हा मी नुकताच घरी आलो होतो. बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आई देवघरात होती, ती तशीच उठून बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसून राहिली. त्या दिवसापासून हुएटकडे मी कागद म्हणून बघितलेलं नाही.

तरी नापास झालो, कारण मला पोहता येत होतं. हे वाक्य विचित्र वाटेल, पण तसंच घडलं. केबिन उलटायला लागली तसं मी आयुष्यभर जे केलं तेच केलं: आधी मोकळा झालो. पट्टा उघडला. छातीत हवा भरलेली, त्यामुळे शरीर सुटल्यासारखं वर गेलं. पण ‘वर’ म्हणजे केबिनची जमीन होती. डोकं तिथे आपटलं. उजेडाकडे जायचं म्हटलं तर उजेड चारही बाजूंनी येत होता. हाताला खिडकी लागेना, सीटचा पाय लागला, तोच धरून ओढत बसलो. तेवढ्यात डायव्हर आला. माझ्या शेजारच्या सीटवर उदगीरकडचा एक गॅलीतला स्वयंपाकी होता. गळ्याइतक्या पाण्यात तो जन्मात कधी गेला नव्हता. त्याने खिडकीच्या चौकटीवरचा हात सोडला नाही, सांगितलं तेवढंच केलं आणि सहाही फेऱ्यांत व्यवस्थित बाहेर आला.

देवळाली कॅम्पला राहणाऱ्या एका सहकाऱ्याने मला ही बॅच घेणाऱ्या सरांचं नाव सांगितलं. सर नौदलात डायव्हर होते, मूळचे मालवणकडचे, निवृत्तीनंतर नाशकात स्थायिक झालेत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “पोहता येतं?” मी म्हटलं, “येतं की, रामकुंडात शिकलो.” ते म्हणाले, “मग दादा, तुम्हाला वेळ लागेल.” त्यात टोमणा नव्हता. पुढच्या पाच दिवसांत त्याचा अर्थ कळला.

फी तीन हजार रुपये. पाच सकाळी, सहा ते साडेसात. नाव नोंदवताना डॉक्टरची चिठ्ठी मागतात: बीपी, कान, फिट येण्याचा त्रास, अलीकडचं ऑपरेशन. आमच्या बॅचमधल्या एकाला तिसऱ्या दिवशी सर्दी झाली होती. सरांनी त्याला पाण्यात उतरूच दिलं नाही. चोंदलेल्या नाकाने उलटं पाण्याखाली गेलं तर कान-कपाळ फुटल्यासारखं दुखतं, इजाही होते. तो हट्टाला पेटला, “पैसे भरलेत सर.” सर म्हणाले, “पैसे कुठं जात नाहीत, पुढच्या बॅचला या.” आणि तो पुढच्या बॅचला आला, जादा एक रुपयाही न देता. माझ्या दृष्टीने तिथेच अर्धे गुण मिळाले.

पहिल्या दिवशी पाणी नाहीच. खुर्ची दाखवली. या खुर्चीबद्दल मी दोन पानं लिहू शकतो, कारण माझा धंदाच तो. एकेरी सीट, तिच्याभोवती पाइपाची चौकट. चौकटीला दोन्ही बाजूंनी धरायला आडवे दांडे, म्हणजे दोघे जण कमरेइतक्या पाण्यात उभे राहून सीटवरच्या माणसाला सहज पालथा करू शकतात आणि तितक्याच सहज सरळ करू शकतात. परदेशातल्या प्रशिक्षण केंद्रांत उथळ पाण्यात वापरायला अशा खुर्च्या असतात, सरांनी तो आराखडा बघून अंबडच्या एका वर्कशॉपमधून बनवून घेतली. मी पहिल्यांदा सांधे बघितले. नुसते टॅक (वेल्डचे ठिपके) मारून सोडलेले नाहीत, पूर्ण रन, म्हणजे सलग वेल्ड आहे, कडा ग्राइंडरने मारून गोल केल्यात, हात फिरवला तर कुठे टोचरी कड लागत नाही. फक्त मागच्या डाव्या पायाजवळ गॅल्व्हनायझिंग उडालंय आणि गंज धरलाय. ते सरांना दाखवलं, त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं. उजव्या हाताला ॲल्युमिनियमच्या सेक्शनची खिडकी, तिच्यात रबरात बसवलेली ॲक्रिलिकची शीट. शीटच्या मध्यावर ढकललं तर ती नुसती वाकते. कोपऱ्यावर तळहाताचा जोर दिला की सुटते. काही चॉपरमध्ये आधी एक पट्टी ओढून रबर सोडवावं लागतं, तेही सरांनी एका जुन्या चौकटीवर करून दाखवलं.

आणि पट्टा. पहिले दोन दिवस मी नुसता त्या पट्ट्याशीच झगडलो. चॉपरचा पट्टा चार टोकांचा असतो, दोन खांद्यावरून, दोन कमरेवरून, आणि चारही पोटावरच्या एका गोल बकलमध्ये येतात. बकलची चकती फिरवली की चारही एकदम सुटतात. सोपं वाटतं ना? डोळ्यांवर गमछा बांधून, सरांनी बाजूने बादलीभर पाणी तोंडावर मारलं आणि ओरडले “बाहेर!” तेव्हा माझा हात तीनदा डाव्या कमरेशी गेला. का, तर गाडी चालवताना सीटबेल्टचं बटण तिथे असतं. इतक्या वर्षांची सवय हातात बसलेली. घाबरल्यावर डोकं विचार करत नाही, हात जुनं काम करतो. सर म्हणाले, विमान अपघातांतही माणसं सीटवर बसल्या जागी कमरेशी बटण चाचपडत राहिलेली सापडलीत. म्हणून त्यांनी नियम घालून दिला: प्रत्येक वेळी चॉपरमध्ये बसलो की पट्टा लावायचा, न बघता एकदा सोडायचा, परत लावायचा. बकल कुठल्या बाजूला फिरतंय ते त्या दिवशीच्या त्या चॉपरवर हाताने तपासायचं, मागच्या वेळचं गृहीत धरायचं नाही.

सरावाचा पट्टा ते घरी न्यायला देतात. मी तो सिडकोतल्या घरी जेवणाच्या खुर्चीला बांधला. माझी आठ वर्षांची लेक मागून येऊन कधीही “पाणी आलं!” म्हणायची आणि बायको घड्याळ लावायची. दोन संध्याकाळी हेच चाललं. तिसऱ्या संध्याकाळी हात आपोआप पोटावर गेला. तेव्हा बायको पहिल्यांदा हसली. नापास होऊन आल्यापासून ती या विषयावर बोललीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी पाण्यात. आता क्रम सांगतो, कारण तो माझ्या अंगात भिनलाय. तळवे जमिनीवर सपाट, पुढच्या सीटखाली पाय घालायचे नाहीत, तिथे ते अडकतात. हनुवटी छातीला. खिडकीकडचा हात चौकटीवर. दुसरा हात बकलपाशी, पण बकल उघडायचं नाही. पाणी छातीशी आलं की शेवटचा श्वास. मग पाणी डोक्यावरून गेलं, उलटं झालं, तरी थांबायचं. सगळी हालचाल बंद होईपर्यंत थांबायचं. मग खिडकी ढकलायची, बाहेरच्या कडेला घट्ट पकड घ्यायची, आणि मग, त्यानंतरच, पट्टा सोडायचा. हाताने स्वतःला ओढून बाहेर काढायचं. पाय मारायचे नाहीत, मागून येणाऱ्याच्या तोंडावर बसतात.

पट्टा शेवटी का? पट्ट्याने तुम्ही सीटला बांधलेले असता, म्हणून ढकलायला जोर मिळतो. सुटलेला माणूस खिडकी ढकलतो तेव्हा खिडकी नाही, तोच मागे जातो. मी वेल्डर, हे मला समजायला हवं होतं: जॉबला क्लॅम्प नसेल तर तो हलतोच. दुसरी गोष्ट दिशेची. सरांनी मला खुर्चीवर सरळ बसवलं, विचारलं, “खिडकी कुठल्या हाताला?” उजव्या. मग पालथं केलं, वर काढलं, विचारलं, “आता कुठल्या हाताला होती?” मी विचारात पडलो. “उजव्याच की. वर-खाली बदललं, तुमचा उजवा हात बदलला का?” टाकीत मी उजेड शोधत होतो, आणि उजेड चहूबाजूंनी असतो. आपला हात मात्र आपल्याच अंगाला जोडलेला आहे. तो जिथे ठेवलाय तिथेच बाहेर जायची वाट.

मला जड गेलं ते थांबणं. सरांनी सावकाश सातपर्यंत मोजायला सांगितलं. पहिल्यांदा मी दोन सेकंदांत सात केले. “नुसते आकडे पळतात,” ते म्हणाले, “आकड्याला काहीतरी जोडा.” मी रामकुंडाच्या पायऱ्या जोडल्या. एक पायरी, दोन पायरी, तीन पायरी, लहानपणी उतरायचो तशा, शेवाळावर पाय घसरू नये म्हणून जपून. पालथ्या खुर्चीत, डोळे मिटलेले, नाकात पाणी शिरतंय, आणि मी मनात पायऱ्या उतरतोय. पाचव्या पायरीशी छातीतली धडधड कमी झाल्याचं मला स्पष्ट कळलं. सातव्या पायरीला हात हलवला. खिडकी सुटली, पकड, पट्टा, बाहेर. वर आलो तर सर काठावरच्या पोराला म्हणाले, “आता जमलं.” त्या दोन शब्दांसाठी मी परत फी भरेन.

नाकाविषयी सांगायलाच हवं. सरळ बुडताना नाकात पाणी फारसं जात नाही, पालथं झालं की ते थेट कपाळापर्यंत भरतं आणि तिथेच अनेकांची हिंमत तुटते. नाकातून अगदी बारीक हवा सोडत राहिलं की ते थांबतं, पण बारीकच, नाहीतर श्वास संपतो. क्लिप लावली तर सोपं जातं. सर दोन्ही करवून घेतात, कारण खऱ्या धडकेत क्लिप हाताला लागेलच असं नाही.

आम्ही गेलो ते डिसेंबरात. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो ते दिवस. पाणी असलं गार की बाहेर चाळीस सेकंद धरलेला श्वास आत पंधराला संपत होता. गार पाण्यात हे होणारच, अंगाला झटका बसतो आणि माणूस धापा टाकायला लागतो. मुंबईजवळचा समुद्र इतका गार नसतो, पण अचानक पाणी अंगावर आल्यावर श्वास आखडतो तो तिथेही. ज्यांना झेपणार नसेल त्यांनी उन्हाळ्यातली बॅच घ्यावी.

लाइफ जॅकेटचा सराव चौथ्या दिवशी. घालायचं आणि आत फुगवायचं नाही, एवढाच धडा, पण सरांनी त्याच्यावर तास घालवला. त्यांनी आम्हाला जॅकेट फुगवूनच त्या खुर्चीखालून बाहेर यायला सांगितलं. खाली जाताच येत नाही. जॅकेट वर खेचतं आणि वर चौकट. १९९६ मध्ये इथिओपियाचं अपहरण झालेलं विमान इंधन संपून कोमोरोसजवळ समुद्रात उतरलं, १७५ जणांपैकी १२५ गेले. धडकेतून वाचलेल्या काहींनी जॅकेट आतच फुगवली होती आणि पाणी चढलं तशी ती त्यांना छताला दाबून बसली. सरांनी हे सांगितलं तेव्हा आमच्यात कुणी बोललं नाही. आमच्या बॅचला एक ताई होत्या, लॅबमध्ये केमिस्ट, पहिल्यांदाच समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जाणार होत्या. त्यांनी त्यानंतर जॅकेटची दोरी हाताला चुकून लागू नये म्हणून ती कशी दुमडायची ते तीनदा विचारून घेतलं. सरांनी तीनदा सांगितलं.

राफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा फुगवता तराफा, इथे नाही. ट्रकच्या टायरच्या मोठ्या ट्यूबवर पाण्यातून चढायचा सराव करून घेतात. जॅकेट फुगलेलं असताना स्वतःला वर ओढणं किती अवघड आहे ते कळतं. एकमेकांच्या हातात हात गुंतवून साखळी करणं, गुडघे छातीशी घेऊन अंगातली ऊब राखणं, हेही.

पाचव्या दिवशी परत जमीन. शेजारच्या मैदानात सरांनी फक्कीने हेलिडेक, म्हणजे प्लॅटफॉर्मवरची चॉपर उतरायची जागा, आखला. चॉपरकडे कसं जायचं: हेलिडेकवरच्या अधिकाऱ्याने अंगठा दाखवल्याशिवाय पिवळी रेघ ओलांडायची नाही, पायलटच्या नजरेसमोरून, बाजूने जायचं, शेपटीकडे कधीच नाही. शेपटीचा पंखा फिरताना दिसत नाही. टोपी काढून हातात. लांब वस्तू आडवी, कमरेखाली. बॅगेबरोबर स्वतःचंही वजन करावं लागतं ते खरं सांगायचं, कारण त्यावर इंधन आणि बसायची जागा ठरते. जुहूला मोबाइल बंद, लायटर-काडेपेटी बाहेर. आम्ही हे करत असतानाच गांधीनगरकडून लष्कराचं एक चीता डोक्यावरून गेलं. नाशिकच्या पोरांना त्याचं नवल नाही, त्या आवाजातच आम्ही वाढलो. सर मात्र थांबले, वर बघत म्हणाले, “यात बसणारा प्रत्येक जण हेच शिकलेला असतो. तुम्ही पॅसेंजर म्हणून कमी शिकायचं कारण नाही.”

आता उणं काय ते. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: ही बॅच म्हणजे हुएट नाही. सर तसा दावाही करत नाहीत, पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात. इथे क्रेनची केबिन नाही, शेजारी माणसं बांधलेली नाहीत, अंधार नाही, कृत्रिम लाटा नाहीत. प्रमाणपत्र मान्यताप्राप्त केंद्रातच मिळतं, आणि ओपिटो या समुद्रातल्या तेल-वायू कामाच्या प्रशिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय बोसिएट (मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण, हुएट त्यातच येतं) प्रमाणपत्राची मुदत चार वर्षं असते, मग पुन्हा जावं लागतं. दुसरं, हवेची छोटी बाटली, जी आता कित्येक ठिकाणी चॉपरमधल्या जॅकेटला असते, तिचा सराव इथे नाही. सर म्हणतात ते मला पटतं: त्या बाटलीतली हवा घेऊन श्वास कोंडून वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं, त्यामुळे योग्य साधनांशिवाय ते हा सराव करून घेणार नाहीत. पण निदान रिकामी बाटली हातात देऊन तोंडात कशी बसवायची ते दाखवायला हरकत नाही, तसं मी त्यांना सुचवलंय. तिसरं, जॅकेट तोंडाने फुगवायची, गॅसची दोरी ओढायचा अनुभव मिळत नाही. चौथं, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीची कडी तुटलेली आहे. त्या ताई रोज बॅग दाराला टेकवून आत जात होत्या. एवढं नीट शिकवणाऱ्या ठिकाणी हे शोभत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र बोट ठेवायला जागा नाही. खुर्ची पालथी करताना एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला त्यांचा मदतनीस, काठावर तिसरा बांबू घेऊन. एका वेळी एकच माणूस. डोक्यावर हात ठेवायची खूण ठरलेली, ती दिसली की लगेच सरळ. म्हणून कळकळीने सांगतो, हे वाचून कुणी मित्राला खुर्चीला बांधून गोदावरीत किंवा सोसायटीच्या टाकीत हा प्रयोग करू नये.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितो. नापास झाल्यावर माणसं पुरवणाऱ्या एकाने मला फोन केला. नाव घेत नाही. “कशाला पाण्यात जातोस, चार दिवसांत कागद मिळवून देतो, फोटो पाठव.” सरांच्या बॅचपेक्षा दुप्पट पैसे सांगत होता. मी रागाने थरथरलो. माझ्यासारखाच एखादा पोरगा, घरी हप्ते थकलेले, तो हो म्हणेल. आणि मग एखाद्या दिवशी चॉपरमध्ये माझ्या शेजारी, खिडकीकडच्या सीटवर, तो बसेल. मला बाहेर पडायचं असेल ते त्याच्या खिडकीतून. पोरांनो, तो कागद घेऊ नका. पैशांची अडचण असेल तर सरांशी बोला, ते हप्त्याने घेतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

जानेवारीत पुन्हा परीक्षेला गेलो. आदल्या रात्री मुक्कामाला पोहोचलो. झोप लागली नाही हे खरं, पण भीतीने नाही, पायऱ्या मोजत होतो. टाकीत पहिली केबिन सरळच बुडवली, मग पालथी, मग पालथी आणि खिडकी बंद. तिसऱ्या फेरीत, मागच्या वेळी जिथे हरवलो तिथेच, पाणी नाकात शिरलं आणि एक क्षण बकलवरच्या बोटांना सुरसुरी आली. एक पायरी. दोन पायरी. बोटं तिथेच राहिली. सातव्या पायरीला केबिन स्थिर होती. खिडकीच्या कोपऱ्यावर जोर दिला, कडा पकडली, मग चकती फिरवली. वर आलो तेव्हा तोच मागच्या वेळचा डायव्हर होता. त्याने ओळखलं आणि अंगठा दाखवला.

कुणी जावं? पोहता न येणाऱ्यांनी जावंच, पाण्याची पहिली ओळख परीक्षेच्या दिवशी होऊ नये. पण चांगलं पोहणाऱ्यांनी, नदीवर वाढलेल्यांनी त्याहून आधी जावं. परीक्षेच्या आठ-दहा दिवस आधीची बॅच धरा, खूप आधी केली तर हात विसरतो. चारचाकीवाल्यांनी पट्टा घरी आणायला लाजू नये. कोरडे कपडे दोन जोड न्या, जुना बॉयलर सूट न्या, पाण्यातल्या शेवटच्या दिवशी तो घालूनच उतरवतात आणि ओला सूट किती ओढतो ते तेव्हा समजतं. सहाची बॅच म्हणजे पावणेसहाला हजर, सर फाटक सहाला लावून घेतात. जवळच्या टपरीवर साडेसातला चहा तयार असतो, आणि थरथरत्या हातांनी तो पिताना बॅचमधल्या माणसांशी जी ओळख होते ती टिकते. ती केमिस्ट ताई आणि मी आता एकाच प्लॅटफॉर्मवर आहोत, हेलिडेकवर भेटलो की एकमेकांना नुसतं ‘पायरी?’ विचारतो.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा त्या कडीचा आणि बाटलीचा कापला. कडीचं मी सरांशी बोललोय. येत्या ऑफमध्ये माझं छोटं मशीन घेऊन जाणार आहे, कडी बसवीन आणि खुर्चीच्या त्या गंजलेल्या डाव्या पायाला घासून झिंकचा हात देईन. पुढची बॅच त्यानंतरच्या सोमवारी सुरू होतेय, दोन जागा बाकी आहेत असं सर म्हणाले.